हलकं स्टेअरिंग

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पालीला भिते, विजेला भिते, रेल्वेच्या दादऱ्यावर असताना खालून मालगाडी गेली तर कठडा धरून उभी राहते, आणि जन्म सगळा दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेलेला. अशी मी दर शर्यतीला थोरल्या भावाच्या, स्टीफनदादाच्या शेजारी पट्टे आवळून बसायची. गाडी माळावरच्या मातीतून धुरळा उडवत सुटायची आणि पुढचं वळण त्याला ओरडून सांगायचं, हे माझं काम. लोक विचारायचे, "प्रिन्सी, भीती न्हाई वाटत?" वाटायची ना, चांगली वाटायची. पण दादाच्या हातांवर माझा भरवसा होता, म्हणून ती भीती पोटात एका जागी गप बसून राहायची.

२००३च्या हिवाळ्यात ती जागची हलली.

दादा रेल्वेत फिटर. त्यानं एक जुनी पांढरी एस्टीम घेतली होती आणि तिचं पार रूप पालटून टाकलं होतं. मागचं सीट काढलेलं, स्प्रिंगा बदललेल्या, टायर रुंद, स्टेअरिंगचं चाक मूळच्यापेक्षा लहान. आमची आई, कृपाबाई, म्हणायची, "चार माणसं चर्चला न्हेता येत न्हाईत, ती कसली गाडी?" गाडीचं काम मात्र दादा दौंडमध्ये कुणाला करू द्यायचा नाही. त्यासाठी आम्ही चौफुला, पारगाव, न्हावरा करत शिरूरला जायचो, धम्मदीपच्या गॅरेजमध्ये. दादाचं म्हणणं असं, की बाकीचे गाडी नीट करतात, धम्मदीप आधी तिचं ऐकून घेतो.

रुंद टायर आणि लहान चाक बसवल्यावर स्टेअरिंग जड होणारच. दिवाळीच्या आधी दादानं पहिल्यांदा ते हलकं करून मागितलं, तेव्हा कुणालाच त्यात काही वाटलं नाही. पॉवर स्टेअरिंगला इंजिनाच्या जोरावर चालणारा एक पंप असतो, तो तेल ढकलतो आणि ते तेल आपल्या हाताला मदत करतं. पंपाच्या तोंडाशी पितळी जोड असतो. त्याचं भोक मोठं केलं की तेल जास्त जातं आणि चाक हलकं फिरतं. भोक लहान केलं की जड. एवढं मलाही कळत होतं, कारण धम्मदीप काम करताना तोंडानं सांगत असायचा. लेथवर त्यानं वेगवेगळ्या भोकांचे जोड करवून घेतले होते, ते डब्यात खुळखुळायचे.

त्याची मोजायची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. त्याची आई कुशाबाई तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात कांदा-वांगी विकायची. तिचा हुकाचा ताणकाटा तो उचलून आणायचा, चाकाच्या कडेला अडकवायचा आणि ओढायचा. चाक हलायला लागलं की काटा किती किलोवर आहे ते बघायचं, डावीकडं आणि उजवीकडं. बाजाराच्या आदल्या दिवशी कुशाबाई गॅरेजच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "दे माझा काटा. लोकं मोटारी मोजत्यात का काय काट्यानं!"

ख्रिसमसच्या आधी दादानं पुन्हा हलकं करून घेतलं. जानेवारीत परत.

"भाऊ, बास आता," धम्मदीप म्हणाला. "ह्याच्या म्होरं रस्ता हाताला लागायचा न्हाई. खड्डा हाय का वाळू हाय, चाक सांगतं ना आपल्याला? ते सांगायचंच बंद व्हईल."

"माझा हात मला सांगतो. तू कर," दादा म्हणाला.

धम्मदीपनं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. दादाचा हट्ट घरालाच ठाऊक होता, धम्मदीपला नवा होता.

त्या दिवशी परतताना न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर डुलत चालला होता. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. दादानं गाडी बाहेर काढली, गिअर बदलायला डावा हात खाली नेला आणि तेवढ्यात त्याला शिंक आली. नुसती शिंक. एकट्या उजव्या हातात राहिलेलं ते चाक लोण्यासारखं फिरलं. गाडी आधी ट्रॉलीकडं गेली, उसाची पाचट माझ्या काचेवर सपासप घासली, मग दादानं उलटं वळवलं तशी ती पार पलीकडच्या कडेला, बाभळीच्या दिशेनं सुटली. कशी सावरली ते देवाला माहीत. गाडी थांबली तेव्हा ट्रॅक्टरवाला लांबून शिव्या देत होता.

"शिंक आली गं," दादा हसून म्हणाला.

मी हसले नाही, कारण त्या धांदलीत मी एक गोष्ट बघितली होती. गिअरचा दांडा त्यानं मुठीत धरलाच नव्हता. तळहाताच्या टाचेनं ढकलला होता, दार ढकलावं तसा.

मग मी बघायलाच लागले. चोरून बघायची आणि देवाकडं मागायची, मला काही दिसू नये. दिसायचंच. दादा चहाचा कप उजव्या हातानं घ्यायला लागला होता. जन्मभर डाव्यानं घ्यायचा. कुलूप उघडताना किल्ली फिरवायचं काम माझ्यावर ढकलायचा. सदरे सोडून बिनबटणांचे टी-शर्ट घालायचा, आणि वर म्हणायचा, आता हीच फॅशन हाय.

एका रविवारी चर्चला निघताना मी त्याचा पांढरा शर्ट इस्त्रीला घेतला. बटणं जागच्या जागी होती, पण नुसती वरून शिवलेली. काजं शिवून बंद केली होती आणि आतून टिचबटणं लावली होती, दाबली की लागणारी. टाका आईचा होता. मी इस्त्री तशीच उभी करून ठेवली. असा शर्ट मी आधी एकदा बघितला होता. तो आमच्या पप्पांचा होता.

पप्पा, म्हणजे फिलिप ड्रायव्हर, मालगाडी चालवायचे. त्यांचंही हातापासूनच सुरू झालं होतं. ब्रेकचा दांडा जड लागतो म्हणून ते इंजिनाची तक्रार करायचे. शेडमधले लोक तपासायचे, त्यात काही निघायचं नाही. आई विचारायची, "जड लागतंय का हो हाताला?" तर म्हणायचे, "न्हाई गं. लोखंड थंड हाय." मग आईनं त्यांच्या शर्टांना टिचबटणं लावली. मग हातावरून पायावर आलं, पायावरून बोलण्यावर, आणि शेवटी श्वासावर. पुण्याच्या डॉक्टरांनी रोगाचं लांबलचक नाव सांगितलं होतं. ते माझ्या लक्षात राहिलं नाही. जाता जाता त्यांनी आणखी एक वाक्य सांगितलं होतं, ते मात्र राहिलं: हा रोग कधी कधी घरात उतरतो, मुलांमध्ये येतो.

दवाखान्यातून परतलो त्या दिवसापासून हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही. आई प्रार्थनेत सगळ्यांसाठी मागायची, पण कशापासून वाचव ते बोलायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आमच्या घरची रीत. आता दादाची मूठ मिटत नव्हती, आईनं गुपचूप टिचबटणं लावली होती, मी गुपचूप बघत होते, आणि तिघंही जेवताना शर्यतीच्या गोष्टी करत होतो. खरं सांगते, मला दादाची भीती वाटत होती तेवढीच माझीही वाटत होती. रात्री अंथरुणात मी मूठ मिटून बघायची, उघडून बघायची. पीठ मळताना हात दुखला तरी घाम फुटायचा.

आणि शर्यत तोंडावर आली होती. मला त्याच्या शेजारी बसायचं होतं.

मी त्याला सांगायला हवं होतं की गाडी चालवू नकोस. तोंड उघडायची आणि शब्द आतच राहायचा. तो शब्द काढला की बाकी सगळं पाठोपाठ येणार, हे मला ठाऊक होतं.

शर्यतीच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा शिरूरला गेलो. नवी तक्रार अशी, की चाक डावीकडं ओढताना जड जातं.

"जय भीम, भाऊ. जय भीम, ताई," धम्मदीप हात पुसत आला. "डावीकडंच? एकाच बाजूला कसं व्हईल?" त्यानं बॉनेट उघडलं, पंप बघितला, पुढची चाकं उचलून सांधे हलवून बघितले. मग काटा अडकवला. डावीकडं ओढलं, उजवीकडं ओढलं, पुन्हा डावीकडं. "सारखं हाय भाऊ. दोन्हीकडनं सारखं."

"मग तुझा काटा खराब हाय."

आता झालं असं, की दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि कुशाबाई काटा न्यायला दारातच उभी होती. बाजार करणाऱ्या बाईला तुम्ही काहीही बोला, तिच्या काट्याला बोलू नका. ती आत आली ती तरातराच.

"माझा काटा खराब? आरं, ह्या काट्यावर आख्खं तळेगाव भाजी घेतं. एक बाई म्हनाली न्हाई कवा की कुशाबाई काटा मारती म्हनून! नाचता येईना अंगन वाकडं, तसं हाय तुमचं." तिनं काटा धम्मदीपच्या हातातून हिसकून घेतला, छताच्या साखळीला लटकवला आणि खालचा हूक दादापुढं केला. "वढ. उजव्या हातानं वढ."

दादा हसला. "असू दे मावशी. चुकलं माझं."

"चुकलं-बिकलं न्हाई. वढ म्हनते ना!"

मी एक पाऊल पुढं टाकलं. मला त्याला थांबवायचं होतं, आणि मला बघायचंही होतं. त्यानं उजव्या हातानं हूक खाली ओढला. काटा सरसर खाली गेला, साखळी करकरली.

"बघ! आता डाव्यानं वढ. सारखंच दावील, माझा शब्द हाय."

दादानं डाव्या हाताची बोटं हुकात अडकवली. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, दात आवळले गेले. काटा थोडा खाली सरकला आणि तिथंच थरथरत राहिला. चार वांगी टाकल्यावर सरकावा तेवढाच.

"थट्टा करतो व्हय म्हातारीची? वढ की जोरानं."

"जोरानंच वढतोय, मावशी," दादा म्हणाला.

कुशाबाईनं काट्याकडं बघितलं, दादाच्या तोंडाकडं बघितलं, आणि मग त्याचा हात हुकातून अलगद सोडवून आपल्या दोन्ही हातांत घेतला. उलटा करून बघितला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जिथं मांसाचा उंचवटा असतो, तिथं खड्डा पडला होता. पप्पांच्या हातावर हाच खड्डा होता. लहानपणी मी त्यात बोट घालून खेळायची.

"माझ्या जिभेला हाड न्हाई बघ लेका," कुशाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? काटा बराबर हाय तुमचा," दादा म्हणाला. मग धम्मदीपकडं वळून म्हणाला, "जुना जोड बसव. कंपनीतनं आलेला, मूळचा."

"भाऊ, जड व्हईल लई. ह्या टायरांवर तर..."

"व्हऊ दे. घरापत्तुर प्रिन्सी चालवणार हाय. तिला रस्ता हाताला लागू दे."

धम्मदीपनं डब्यातून मूळचा जोड शोधून बसवला. निघताना दादानं कुशाबाईकडं काटा मागितला. "उद्या बाजार हाय माझा," ती म्हणाली, आणि मग लगेच, "न्हे बाबा. मी शेजारणीचा घेईन."

मला गाडी येत होती, पण ही गाडी मी फारशी चालवली नव्हती. चाक खरंच जड होतं. शिरूरच्या बाहेर पडेपर्यंत माझे दंड भरून आले. पण एक होतं, धम्मदीप म्हणायचा ते खरं होतं: चाक बोलत होतं. डांबर कुठं उखडलंय, कडेची माती कुठं सुरू होते, सगळं तळव्याला कळत होतं. दादा शेजारी, माझ्या जागेवर बसला होता. मी रडत नव्हते. रडायला लागले तर रस्ता दिसणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

न्हावरा मागं पडलं. आणि मग मला जाणवलं, की डावा हात जास्त दुखतोय.

आधी वाटलं, गिअरमुळं असेल. मग मनगटात कळ आली. अंगठ्याच्या बुडाशी काहीतरी फडफडतंय असं वाटलं. मी चाक घट्ट धरलं, तर हात आणखी थरथरला. चाक जड आहे की हात दुबळा आहे? कुणाला विचारणार? समोरून उसाच्या ट्रॉल्या येत होत्या, एकामागून एक, आणि मला एवढंच दिसत होतं की पप्पा पलंगावर पडलेत, मग दादा पडलाय, मग मी, आणि आई तिघांच्या शर्टांना टिचबटणं लावतेय.

"जड लागतंय?" दादानं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

तो आवाज माझा नव्हता. पप्पांचा होता, जसाच्या तसा. दादानंही तो ओळखला असावा, कारण तो लगेच म्हणाला, "गाडी बाजूला घे."

"कशाला? मी चालवते ना नीट."

"प्रिन्सी, बाजूला घे. काटा हाय आपल्याकडं."

मी गाडी बाभळीखाली उभी केली. माझ्यानं दार उघडवेना. त्यानंच बाहेरून येऊन उघडलं. एस्टीमच्या पुढं गाडी ओढून न्यायचा हूक होता, त्यात त्यानं काटा अडकवला आणि दुसरं टोक माझ्यापुढं धरलं.

"दादा, नको. आपण घरी जाऊ."

"पप्पांसारखं आन् माझ्यासारखं करायचं न्हाई तू. लपवायचं न्हाई. वढ."

मी उजव्या हातानं ओढलं. त्यानं वाकून आकडा बघितला. मग मी डावा हात घातला, डोळे घट्ट मिटले आणि येशूचं नाव घेऊन सगळा जीव एकवटून ओढलं. गाडी हलल्यासारखी वाटली.

"डोळं उघड. बघ."

दोन्ही हातांचा आकडा जवळजवळ सारखा होता. त्यानं पुन्हा ओढायला लावलं. पुन्हा तेच. माझा अंगठा दाबून बघितला, मधलं मांस चिमटीत धरून बघितलं, ते भरलेलं होतं.

मला आनंद झाला. इतका आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता. मी हसले, मोठ्यानं हसले, काटा हातात घेऊन रस्त्याच्या कडेला नाचायचीच बाकी राहिले. आणि मग माझी नजर दादाच्या लोंबत्या हाताकडं गेली. माझं हसू तोंडावर तसंच राहिलं, ते लपवायला मला वेळच मिळाला नाही. लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखी.

"हस की," दादा म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते आणि तो हसत होता. "हेच बघायचं व्हतं मला. म्हनून तर चाक हलकं करून घेत व्हतो. माझं कळलं असतं, तर तू लगीच तुझा हात बघत बसली असतीस. तेवढं लांबवायचं व्हतं, बाकी काय न्हाई."

मी त्याच्या गळ्यात पडले. ट्रॉलीवरची माणसं वळून वळून बघत होती. मला भीती वाटत होती, पूर्वीपेक्षा जास्त. माझा हात आजपुरता चांगला होता, उद्याचं कुणी सांगावं; आणि दादाचं तर आता सगळंच ठरल्यासारखं होतं. पण ती भीती आता माझ्या एकटीच्या पोटात नव्हती.

"शर्यत राहू दे. सोमवारी पुण्याला जायचं," तो डोळे पुसत म्हणाला. "डॉक्टरकडं. तूच न्हे. आन् आईला आज आपण दोघं सांगू."

"आईला ठाऊक हाय, दादा. तुझ्या शर्टाला टिचबटणं कुणी लावली?"

तो गाडीत बसला आणि पट्टा ओढून घेतला. डाव्या हातानं पट्ट्याचं कुलूप दाबायला गेला, ते लागेना. एरवी त्यानं खिडकीबाहेर बघत काहीतरी विषय काढला असता. आज त्यानं हात बाजूला घेतला. मी वाकून पट्टा लावला.

मी गाडी सुरू केली. माझ्या दोन्ही हातांत बळ होतं. पुढं पारगावचा पूल होता, त्याच्या अलीकडं रस्ता एकदम वळतो.

"डावं वळण येतंय, आवळ हाय," दादा माझ्या शेजारून म्हणाला. "भिऊ नको. दुसरा टाक आन् दमानं घे."

मी दुसरा गिअर टाकला.